झिजलेली कूर्चा दुखत नाही, मग गुडघा का दुखतो?

एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते आणि निदान कानावर पडतं: "गादी झिजलीय." ऐकणाऱ्याच्या मनात तिथल्या तिथे एक चित्र पक्कं होतं. हाडावर हाड घासतंय, पावलागणिक उरलीसुरली गादी संपतेय, तेव्हा जितकं कमी चालू तितका गुडघा जास्त दिवस पुरेल. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांध्यांच्या या झिजेच्या आजाराच्या, रुग्णाचं या एका समजुतीने फार नुकसान होतं. कारण जिला आपण गादी म्हणतो त्या कूर्चेत वेदना पोचवणाऱ्या नसाच नसतात. रक्तवाहिन्याही नसतात. कूर्चा झिजते हे खरं, पण झिजताना ती स्वतः दुखत नाही.

दुखतं ते तिच्या आजूबाजूचं. आणि नेमकं काय दुखतंय हे कळलं की उपाय निवडणं बरंच सोपं होतं.

पहिलं म्हणजे कूर्चेखालचं हाड. त्यात नसा भरपूर असतात. वरचा थर पातळ झाला की भार थेट या हाडावर येतो, त्यात सूक्ष्म इजा होतात आणि आत सूज धरते. एमआरआयमध्ये हे भाग वेगळे उठून दिसतात आणि त्यांचा वेदनेशी संबंध आढळतो. या हाडाचं दुखणं भाराचं असतं. उभं राहिलं, जिना उतरला की कळ येते. बसलं की ओसरते.

दुसरं, सांध्याचं आतलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम. कूर्चेचे बारीक कण आणि तिथे तयार होणारी दाहक रसायनं यांच्यामुळे ते सुजतं आणि प्रमाणाबाहेर द्रव सोडू लागतं. यालाच आपण "गुडघ्यात पाणी झालं" म्हणतो. हे दुखणं भरल्यासारखं, आखडल्यासारखं असतं. विश्रांतीतही ठणकतं, रात्री कूस बदलताना जाणवतं. जास्तीचा द्रव गुडघ्यामागे साठून तिथे मऊ गाठही येते.

तिसरं, हाडाच्या कडांना आलेली टोकं सांध्याचं आवरण आणि हाडांना जोडणारे अस्थिबंध ताणतात. चौथं कारण स्नायूंचं आणि ते सगळ्यात दुर्लक्षित. सांध्यात पाणी झालं की मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारा आदेशच कमी होतो. माणूस कितीही जोर लावो, स्नायू पूर्ण आवळत नाही. काही आठवड्यांत तो बारीक होतो, मग पाऊल टेकताना बसणारा धक्का झेलायला कोणी उरत नाही आणि तोही हाडावर जातो. पाचवं, दुखणं महिनोन्‌महिने चाललं की मेंदू आणि मज्जारज्जू ते संदेश मोठे करून वाचू लागतात. मग गुडघ्याच्या आजूबाजूची जागाही दुखते, हलका स्पर्श बोचतो, झोप मोडते. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना आणखी वाढते.

म्हणून एक्स-रेची ग्रेड आणि दुखणं यांची जोडी बऱ्याचदा जमत नाही. ० ते ४ अशी ही ग्रेड केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. ती हाडांची चित्रातली अवस्था सांगते, माणसाची नाही. ग्रेड ३ असूनही आरामात हिंडणारी माणसं असतात आणि ग्रेड २ वर रडकुंडीला आलेलीही. कूर्चा पुन्हा पूर्ववत करणारं औषध आज उपलब्ध नाही. पण वर सांगितलेल्या पाचपैकी बहुतेक गोष्टी बदलता येतात, आणि दुखणं तिथेच आहे.

"झीज" हा शब्दही मला अपुरा वाटतो. टायर झिजतो तसा सांधा झिजत नाही. कूर्चा जिवंत असते. तिच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा, ते पाणी धरून ठेवणारे रेणू आणि त्यांना बांधणारी कोलॅजेनची जाळी. रक्तपुरवठा नसल्यामुळे तिला पोषण मिळतं ते हालचालीतून: भार पडला की स्पंजासारखं पाणी बाहेर, भार उठला की पोषक द्रव आत. दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवलेल्या सांध्याची कूर्चा पातळ होते ती यामुळेच. बिघाड सुरू होतो तो तोडणारी विकरं (एन्झाइम) आणि भरून काढणाऱ्या पेशी यांचा तोल सुटल्यावर.

तोल सुटण्याची कारणं बरीच आहेत. वय आहेच. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये प्रमाण वाढतं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हाताच्या सांध्यांत तर विशेष. जुनी दुखापत, म्हणजे फाटलेला मेनिस्कस (गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती) किंवा तुटलेला एसीएल (गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध), दहा-वीस वर्षांनी हिशोब मागते. दिवसभर उकिडवं बसून, गुडघे टेकून किंवा ओझं उचलून करायची कामं आणि पायांचा बाक हीदेखील कारणं. वजनाचा परिणाम दुहेरी असतो: भार वाढतोच, शिवाय चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. स्थूल माणसांच्या बोटांचे सांधेही जास्त बिघडतात आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. बेताचं, हौसेचं धावणं मात्र निरोगी गुडघ्याला बिघडवत नाही.

उपचारांआधी, हे दुखणं खरोखर ऑस्टिओआर्थ्रायटिसचंच आहे का ते पाहायला हवं. वय ४५ च्या पुढे, हालचालीने वाढणारं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा, एवढं असेल तर निदानाला सहसा एक्स-रेचीही गरज नसते. आखडलेपणा तासाहून जास्त टिकत असेल, हाताच्या मुठीकडचे सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील तर आमवाताचा विचार करावा. त्याची औषधं पूर्ण वेगळी आणि लवकर सुरू करण्याची. गुडघा दुखतोय पण गुडघा दाबून, वाकवून काही सापडत नाही, जांघेत ओढ लागते आणि मोजा घालताना पाय वळत नाही, तर दुखणं खुब्याचं असू शकतं. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. सांध्याच्या रेषेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल, तर तिथल्या बर्साची, म्हणजे द्रवाने भरलेल्या छोट्या पिशवीची, सूज असू शकते आणि ती तुलनेने लवकर बरी होते.

सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला आणि ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, सांधा मध्येच अडकून सरळ होईना, किंवा विनाकारण वजन घटतंय आणि रात्रंदिवस हाड दुखतंय, यांपैकी काही असेल तरीही तपासणी लांबवू नये.

एक्स-रे काढायचाच तर उभं राहून, भार देऊन काढावा. झोपून काढलेल्या चित्रात फट खोटी मोठी दिसते. एमआरआयची घाई नको. मध्यम वयानंतर दुखत नसलेल्या गुडघ्यांतही मेनिस्कस फाटलेला सर्रास दिसतो. अहवालात "टिअर" वाचून घाबरलेला माणूस नको त्या शस्त्रक्रियेकडे ढकलला जातो.

आता व्यायाम. याला मी उपचारांच्या यादीत पहिलं स्थान देईन आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत बरंच अंतर ठेवीन.

सुरुवात गुडघा सरळ करण्यापासून. गुडघा पाच-दहा अंश जरी वाकलेला राहिला तरी उभं राहताना क्वाड्रिसेप्सला सतत ओढ धरावी लागते आणि तो संध्याकाळपर्यंत थकतो. पाय पसरून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा आणि आपल्याच वजनाने खाली जाऊ द्या. आधी दोन मिनिटं, हळूहळू दहा. याच्या नेमकी उलटी चूक घरोघरी होते: बरं वाटतं म्हणून रात्रभर गुडघ्याखाली उशी. काही महिन्यांत गुडघा तसाच वाकलेला राहतो.

मग गुंडाळी गुडघ्याखाली घ्या आणि गुडघ्याची मागची बाजू तिच्यावर दाबा. वाटी मांडीकडे सरकलेली दिसली पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. श्वास रोखू नका. नितंब आवळून पाय दाबला जात असेल तर मांडीवर हात ठेवून बघा. तिथे कडकपणा जाणवला नाही तर व्यायाम झालेलाच नाही. गुडघ्यात पाणी असताना हाच व्यायाम चालतो, कारण झोपी गेलेल्या स्नायूला तो जागं करतो.

हे जमलं की पाय उचलणे. उताणं झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय ताठ ठेवून साधारण ३० सेंटिमीटर उचला, पाच सेकंद धरा आणि सावकाश खाली आणा. दहाचे दोन ते तीन फेरे. उचलताना गुडघा किंचित वाकला तर स्नायू अजून तयार नाही. मागच्या व्यायामावर परत जा. घाईने टाचेला वजन बांधणाऱ्यांची कंबर धरते.

कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम नितंबाच्या बाजूच्या स्नायूंसाठी. पाय शरीराच्या रेषेत किंवा किंचित मागे हवा, पायाची बोटं समोर. अंग मागे कलंडलं आणि बोटं छताकडे वळली की काम भलत्याच स्नायूकडे जातं. हा स्नायू कमकुवत असला की चालताना कंबर एका बाजूला पडते.

आणि सगळ्यात उपयोगी, खुर्चीतून उठणं-बसणं. सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन पायांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, टाचा थोड्या मागे, हात छातीवर. पुढे झुकून उठा, तीन आकडे मोजत सावकाश बसा. बसतानाचा संथपणा हाच खरा व्यायाम. धप्पकन बसलात तर निम्मं काम वाया गेलं. गुडघे आत वळता कामा नयेत, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेरे. फार दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी टाका, कारण गुडघा जितका कमी वाकेल तितका भार कमी. सोपं वाटू लागलं की उशी काढा, मग आसन आणखी खाली न्या. व्यायाम वाढत नेला नाही तर स्नायू वाढत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. सहा महिने तेच दहा हेलकावे घालून "फरक पडला नाही" म्हणतात.

गुडघा सरळ करण्याचा आणि दाबण्याचा व्यायाम रोज. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सोडलं तर तो ओसरतो. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला 'ग्लॅड' हा कार्यक्रम याच पायावर उभा आहे: माहितीची दोन सत्रं आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा. त्यातला वेदनेचा नियम प्रत्येकाने वापरावा असा आहे. ० ते १० च्या मापावर व्यायामातली वेदना २ पर्यंत असेल तर निर्धास्त, ५ पर्यंत चालेल, त्यावर गेली तर कमी करा. आणि २४ तासांत ती पहिल्या पातळीवर परत यायला हवी. दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त सुजला तर पुढच्या वेळी प्रमाण निम्मं करा, व्यायाम बंद करू नका. थोडं दुखणं म्हणजे इजा नव्हे. हे मनात बसलं की निम्मी भीती जाते.

चालणं एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. सायकल उत्तम, फक्त सीट उंच हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की वाटीमागे दुखतं. पाण्यात चालणं फार वजनाच्या किंवा फार दुखणाऱ्या माणसाला चांगली सुरुवात करून देतं.

वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. ८० किलोच्या माणसाने आठ किलो उतरवले तर पावलागणिक ३२ किलोंची सूट, आणि पावलं दिवसाला हजारो. पाच टक्के घट झाली की जाणवू लागतं, दहा टक्क्यांना चांगलं जाणवतं. मात्र नुसतं कमी खाऊन उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो, म्हणून ताकदीचे व्यायाम सोबत हवेतच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनने ६८ आठवड्यांत वजनाबरोबर गुडघ्याचं दुखणंही लक्षणीय कमी झालं. ही चाचणी स्थूल रुग्णांवर होती, सगळ्यांना लागू नाही.

काठी लोकांना म्हातारपणाची खूण वाटते, म्हणून ती टाळली जाते. फार वाईट वाटतं मला याचं, कारण इतक्या स्वस्तात आणि इतक्या लगेच भार कमी करणारं दुसरं साधन नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दुखऱ्या पायाबरोबरच ती पुढे टाकायची. उंची: पायात बूट घालून ताठ उभं राहून हात सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला हवी, धरल्यावर कोपर थोडं वाकतं. खाली रबरी टोपण झिजलेलं नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

आखडलेपणाला शेक, १५-२० मिनिटं, व्यायामाआधी. सुजेला बर्फ, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. मऊ गुडघापट्टीने आधार वाटत असेल तर जरूर वापरा. मात्र तिच्या भरवशावर व्यायाम सुटता कामा नये.

औषधांत गुडघा आणि हाताच्या सांध्यांसाठी मलमापासून सुरुवात करावी. १ टक्का डायक्लोफेनॅक जेल गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. हाताला २ ग्रॅम. म्हणजे एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम, ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. आपण लावतो वाटाण्याएवढं, आणि म्हणतो "मलमाने काही होत नाही." गुडघ्याच्या सर्व बाजूंना लावा, लावल्यावर तासभर धुऊ नका, वर पट्टी किंवा शेक नको. आठवडाभर नेमाने लावून मग ठरवा. रक्तात फार थोडं जातं, म्हणून पोट आणि मूत्रपिंड यांना धोका गोळीपेक्षा बराच कमी. खुबा खोल असल्याने तिथे मलम पोचत नाही. मिरचीतल्या कॅप्साइसिनचं मलम आधी जळजळतं आणि दोन ते चार आठवड्यांनी गुण देतं. लावल्यावर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या गोळ्या गुण देतात, हे खरंच आहे. त्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, हृदय आणि मूत्रपिंड यांवर ताण देतात, हेही तितकंच खरं. उसळलेल्या दुखण्यासाठी कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस, पोटाच्या संरक्षक गोळीसोबत घ्याव्यात. रक्तदाबाच्या 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातल्या गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना यांची भर घातली तर मूत्रपिंड अचानक कोलमडू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्या झालेल्या असताना. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन वेगळ्या नावांच्या वेदनाशामकांत एकच औषध असू शकतं, तेव्हा पाकिटावरचं मूळ नाव वाचा. पॅरासिटामॉलचा या आजारात परिणाम अगदी थोडा. घेतलंच तर २४ तासांत ४ ग्रॅम ही निरोगी प्रौढाची वरची मर्यादा, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यात धरायचं. दुखणं पसरलेलं, झोप उडालेली, अशा वेळी ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरही दिलं जाणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडतं. ते एकदम थांबवू नये. अफूजन्य गोळ्यांबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत त्या साध्या वेदनाशामकांहून सरस ठरल्या नाहीत.

सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या, पाणी झालेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं. त्या मोकळ्या काळात व्यायाम पुढे नेला तर त्याचं चीज होतं. पुन्हा पुन्हा घेऊ नये: २०१७ च्या एका चाचणीत दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा कूर्चा अधिक पातळ झाली आणि वेदनेत तुलनेसाठी दिलेल्या नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

पीआरपीची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनची, २०२१ मधली मोठी चाचणीही मिठाच्या पाण्यापुढे टिकली नाही. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांची २००६ सालची १५८३ रुग्णांची चाचणी एकूणात तशीच गेली. दुर्बिणीतून गुडघा "साफ" करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना २००२ मध्ये नुसत्या वरवरच्या छेदांशी केली, तर निकाल सारखाच आला. या उपायांवर घालवण्यापेक्षा पैसा आणि वेळ व्यायामावर घालवा, असं मी म्हणेन.

सांधारोपणाचा विचार कधी? तीनेक महिने मनापासून व्यायाम, वजन, औषधं करून झाली, तरी झोप आणि रोजचं हिंडणं-फिरणं दुखण्याने अडत असेल तेव्हा. वय किंवा ग्रेड हा एकटा निकष नव्हे. बिघाड एकाच बाजूचा असेल तर अर्धा सांधा बदलणं किंवा तरुण रुग्णात नडगीचं हाड कापून पायाचा बाक सरळ करणं, हे पर्याय विचारून घ्यावेत. बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असं २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तरी दहा ते वीस टक्के लोकांचं दुखणं नंतरही उरतं, आणि हे आधी कोणी स्पष्ट सांगत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यापासून दाबण्याचा आणि गुडघा सरळ करण्याचा व्यायाम आणखी नेटाने करा. जो गुडघा आधी पुरेसा वाकत किंवा सरळ होत नाही, तो नंतरही त्याच बाबतीत मागे राहतो. चालायला सुमारे ६५ अंश वाकणं पुरतं, जिन्याला ९०, आणि बसक्या खुर्चीतून उठायला १०५ च्या आसपास लागतात. पहिल्या सहा आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडून हेच आकडे दर भेटीला मोजून घ्या.